भिंतीवरचा रूम हीटर बसवताना: आधी वायर, मग जागा, शेवटी हीटर

दिवाळी उलटली की नाशिक, निफाड, धुळे, नागपूर, महाबळेश्वर या पट्ट्यांत भिंतीवरच्या इलेक्ट्रिक हीटरची खरेदी सुरू होते आणि पहिल्या थंडीतच तो घाईने भिंतीवर चढतो. बहुतेक घरांत क्रम ठरलेला असतो. आधी हीटर घरी येतो, मग तो शोभेल अशी भिंत शोधली जाते, भोके पाडली जातात आणि अगदी शेवटी, हीटर टांगून झाल्यावर, प्लग कुठे लावायचा हा प्रश्न निघतो. त्या वेळी हाताशी जो पॉइंट असेल तो वापरला जातो आणि वायर तिथवर पोहोचत नसेल तर एक्स्टेन्शन बोर्ड आणला जातो. या लेखात क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. नवीन पॉइंट काढणे, एमसीबी (जास्त प्रवाह झाल्यास लाइन आपोआप तोडणारा स्विच) बदलणे आणि हीटर थेट वायरिंगला जोडणे ही कामे परवानाधारक वायरमनचीच आहेत. बाकीची तयारी आणि तपासणी मात्र घरमालकाने स्वतः करावी, कारण वायरमन एका तासात निघून जातो आणि हीटर पुढची दहा वर्षे आपल्या डोक्यावर राहतो.

## १. खरेदीपूर्वी घराचा भार मोजणे

भिंतीवरचे बहुतेक हीटर २००० वॉटचे असतात. २३० व्होल्टवर असा हीटर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. एकटा पाहिला तर हा आकडा मोठा नाही, परंतु हिवाळ्याच्या सकाळी तो एकटा कधीच नसतो. गीझरचे २००० वॉट, इंडक्शन शेगडीचे २०००, इस्त्रीचे १००० आणि हीटरचे २००० अशी बेरीज केली तर ७००० वॉट होतात, म्हणजे सुमारे ३० अँपिअर. महावितरणच्या वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो. तो आकडा वाचून, सकाळी साडेसहाला घरात एकाच वेळी काय काय चालू असते याची यादी कागदावर करावी. बेरीज मंजूर भाराच्या वर जात असेल तर भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा, किंवा गीझर आणि हीटर एकत्र चालवायचे नाहीत असा नियम घरात ठरवून घ्यावा.

खोलीला किती वॉट लागतात याचा ढोबळ हिशेब दर चौरस फुटाला १० वॉट असा धरतात. १० बाय १२ फुटांच्या खोलीला त्याप्रमाणे १२०० वॉट पुरतात. खिडक्या मोठ्या असतील, वर थेट गच्ची असेल किंवा भिंत उत्तरेकडची उघडी असेल तर १५०० धरावे. आपल्याकडच्या थंडीत अशा खोलीला २००० वॉटचा हीटर पूर्ण ताकदीने रात्रभर लागत नाही, म्हणून १००० आणि २००० असे दोन टप्पे आणि थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारी सोय) असलेलाच हीटर घ्यावा.

तपासणी: डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्या लाइनचे एमसीबी असलेल्या पेटीत, हीटरच्या पॉइंटसाठी स्वतंत्र एमसीबी आहे का आणि त्याच्याआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवलेला आहे का, हे पाहावे. आरसीसीबीवर ‘टेस्ट’ किंवा नुसते ‘टी’ लिहिलेले छोटे बटण असते. ते दाबल्यावर तो ताबडतोब पडला, म्हणजे आपोआप बंद झाला, पाहिजे. पडत नसेल तर तो निकामी आहे असे समजून आधी बदलून घ्यावा. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. माणसाच्या अंगातून जाणारा प्रवाह ओळखण्याचे काम आरसीसीबीचे आहे, म्हणून एक आहे तर दुसरा कशाला, हा युक्तिवाद मान्य करू नये.

## २. पॉइंट आणि अर्थिंग

या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून येथे थोडे रेंगाळावे लागेल.

हीटरला १६ अँपिअरचा, म्हणजे बोलीभाषेतला ‘पॉवर पॉइंट’, स्वतंत्र हवा. डीबीपासून त्या पॉइंटपर्यंत तांब्याची किमान २.५ चौरस मिलिमीटरची वायर असावी. दुकानात ती ‘अडीच एमएम’ म्हणून मिळते. तिच्यासाठी १६ अँपिअरचा एमसीबी योग्य असतो. जुन्या इमारतींत पॉवर पॉइंटचे तोंड मोठे असले तरी मागे दीड एमएमची, आणि फारच जुन्या घरांत ॲल्युमिनिअमची वायर निघते. सॉकेटचा आकार पाहून वायरची जाडी ठरवता येत नाही. वायरमनकडून बोर्ड उघडून घेऊन ती डोळ्यांनी पाहावी.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे गीझरच्या पॉइंटवरून हीटरची लाइन ओढणे. दोन्ही २००० वॉटचे असतील तर मिळून सुमारे १७.४ अँपिअर होतात. १६ अँपिअरचा एमसीबी १६ ओलांडताच पडत नाही. मानकाप्रमाणे १.१३ पट, म्हणजे सुमारे १८ अँपिअरपर्यंत तो तासभर चालू राहणे अपेक्षितच असते. परिणामी एमसीबी शांत राहतो आणि सॉकेटचे जोड रोज सकाळी तापत राहतात. ‘एमसीबी पडला नाही, म्हणजे सगळे ठीक आहे’ हा समज येथेच चुकतो. याच्या उलट चूकही होते. एमसीबी वारंवार पडतो म्हणून त्याच्या जागी ३२ अँपिअरचा बसवून दिला जातो, आणि त्यानंतर वायर जळेपर्यंत कोणीच सूचना देत नाही.

सावधान: १६ अँपिअरचा प्लग ६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये बसवणारी कन्व्हर्टर पिन बाजारात सहज मिळते. हीटरसाठी ती कधीही वापरू नये. ‘आम्ही १००० वॉटवरच चालवतो’ हे उत्तर पुरेसे नाही. जास्त थंडी पडेल त्या रात्री घरातले कोणीतरी बटण २००० वर फिरवणारच.

आमच्या घरातला एक प्रसंग सांगतो. हीटर तीन वर्षे एकाच बोर्डावर विनातक्रार चालला. चौथ्या हिवाळ्यात खोलीत मासळीसारखा उग्र वास येऊ लागला आणि दोन दिवस आम्ही तो खिडकीबाहेरून येतो असे समजत होतो. प्लग ओढला तेव्हा उजव्या पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक चहाच्या डागासारखे तांबूस झालेले दिसले आणि पीन सॉकेटमध्ये सैल हलत होती. सॉकेटमधली पितळी पकड ढिली झाली होती, एवढाच दोष, पण तेवढ्यावर बोर्ड पेटू शकला असता. तापलेल्या विजेच्या प्लास्टिकला अनेकदा असाच वास येतो. तो आला की आधी मेन स्विच बंद करावा आणि वासाचा उगम नंतर शोधावा.

अर्थिंगची तपासणी टेस्टरने होत नाही. टेस्टर फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी जिवंत तार, दाखवतो. सॉकेटकडे तोंड करून पाहिल्यास वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवे फेजचे आणि डावे न्यूट्रलचे असावे. स्विच चालू असताना टेस्टर फक्त उजव्या भोकात पेटला पाहिजे आणि स्विच बंद केल्यावर कुठेच पेटता कामा नये. बंद स्विचवरही पेटत असेल तर स्विच न्यूट्रलवर बसवला आहे. असा हीटर ‘बंद’ असतानाही आतून जिवंतच राहतो.

पुढची मापे मल्टिमीटरने घ्यायची आहेत. त्याची सवय नसेल तर वायरमनकडून आपल्यासमोर करून घ्यावीत. फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढेच आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात ५ व्होल्टपेक्षा कमी दाब असावा. आता खरी मेख. काही ठिकाणी अर्थिंगची वायर पोहोचलेलीच नसते आणि कोणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल व अर्थ एका तुकड्याने जोडून ठेवलेले असतात. अशा पॉइंटवर वरची तिन्ही मापे उत्तम येतात. प्रत्यक्षात मात्र न्यूट्रल कुठे तुटला तर हीटरच्या धातूच्या अंगावर थेट फेज येतो. म्हणून त्याच पॉइंटवर एखादा मोठा भार, उदाहरणार्थ इस्त्री, चालू असताना न्यूट्रल-अर्थ माप पुन्हा घ्यावे. भार टाकल्यावर ते थोडे वाढणे स्वाभाविक असते. ते हट्टाने शून्यावरच राहिले तर बोर्ड उघडून मागे पाहावे. आणि मापे कितीही चांगली आली तरी अर्थिंगचा रोध उपकरणाने मोजून घेतल्याशिवाय काम पूर्ण धरू नये.

घरात इन्व्हर्टर असेल तर हीटरचा पॉइंट त्याच्या लाइनवर नाही ना, हेही येथेच पाहून घ्यावे. मेन बंद केल्यावर तो पॉइंट मृत झाला पाहिजे.

## ३. हीटरचा प्रकार

तीन प्रकार प्रामुख्याने मिळतात. तापलेल्या सिरॅमिक घटकावरून पंख्याने हवा फेकणारे, स्प्लिट एसीसारखे दिसणारे हीटर खोली लवकर गरम करतात, पण थोडा आवाज करतात. सपाट पॅनेलचे कन्व्हेक्टर शांत असतात आणि त्यांना वेळ लागतो. लालसर तापणारे क्वार्ट्झ किंवा कार्बन हीटर समोरच्या माणसाला ऊब देतात, खोलीला फारशी नाही. झोपायच्या खोलीसाठी मी पहिले दोनच सुचवीन, कारण लाल तापणाऱ्या नळीसमोर पडदा किंवा पांघरूण आले तर चूक सुधारायला वेळ मिळत नाही. आयएसआय चिन्ह, अति तापल्यास आपोआप बंद होण्याची सोय आणि भिंतीवर बसवण्यासाठीच बनवल्याचा स्पष्ट उल्लेख या तीन गोष्टी खोक्यावर पाहाव्यात. जमिनीवर ठेवायचा हीटर घरगुती ब्रॅकेट करून भिंतीवर टांगू नये. त्याच्यात हवा आत घेण्याची जागा वेगळी असते.

## ४. जागा ठरवणे

उंची प्रकाराप्रमाणे बदलते. पंख्याचा हीटर साधारण सहा फूट किंवा त्याहून वर बसतो आणि गरम हवा खाली फेकतो. कन्व्हेक्टर पॅनेल मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर असावा लागतो, कारण थंड हवा त्याच्या खालून आत जाते. पॅनेल उंचावर लावला की छत गरम होते आणि पाय थंडच राहतात, मग हीटरच निकामी असल्याची तक्रार होते. छतापासून, बाजूच्या भिंतीपासून आणि जमिनीपासून किती अंतर ठेवायचे हे माहितीपुस्तिकेत दिलेले असते आणि तेच अंतिम मानावे.

जागेची पाहणी करताना खोलीतल्या हलणाऱ्या वस्तू लक्षात घ्याव्यात. पडदा वाऱ्याने कुठवर उडतो? कपाटाचे दार पूर्ण उघडले की हीटरसमोर येते का? मच्छरदाणी लावल्यावर तिची दोरी आणि कापड कुठून जाते? हीटरच्या तोंडापुढे किमान १ मीटर, म्हणजे सव्वातीन फूट, जागा मोकळी हवी आणि ती मच्छरदाणी लावलेल्या अवस्थेत मोजावी. पलंगाच्या उशाच्या बरोबर वर हीटर लावू नये. लॉफ्टच्या खालीही नको. आपल्याकडे लॉफ्टवर गाद्या, जुनी वर्तमानपत्रे आणि पुठ्ठ्याची खोकी असतात आणि वर जाणारी गरम हवा तिथेच कोंडते.

वॉलपेपर, प्लायवूड किंवा हल्ली टीव्हीच्या मागे लावतात त्या पीव्हीसी पट्ट्यांवर हीटर बसवू नये. आच्छादन तेवढ्या भागापुरते काढून उघड्या भिंतीवर बसवावा. सॉकेट हीटरच्या बाजूला असावा. बरोबर वर असेल तर गरम हवा त्याच्यावर चढते आणि बरोबर खाली असेल तर वाऱ्याच्या झोतात येतो.

एसीचा पॉइंट हिवाळ्यात रिकामाच असतो, तो वापरावा का, असे अनेक जण विचारतात. वायर आणि एमसीबी योग्य असतील, तर वापरायला हरकत नाही. मात्र त्यातला सॉकेट वेगळ्या पिनांचा असेल तर वायरमनकडून बदलून घ्यावा आणि एसीच्या स्टॅबिलायझरमधून हीटर चालवू नये. एसी आणि हीटर एकाच वेळी एका पॉइंटवर कधीच येणार नाहीत अशी व्यवस्था असावी.

तपासणी: निवडलेल्या जागी हीटरच्या आकाराचा पुठ्ठा चिकटपट्टीने लावून एक दिवस तसाच ठेवावा. दार, पडदा, मच्छरदाणी, पंखा, सकाळी वाळत घातलेला टॉवेल, सगळे त्या दिवसात आपोआप तपासले जाते. भोके पाडल्यानंतर जागा बदलण्यापेक्षा हे स्वस्त आहे.

## ५. भिंत आणि भोके

घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी आधी घ्यावी. त्यानंतर भिंतीच्या आत काय आहे याचा अंदाज घ्यावा. कन्सील्ड वायरिंगच्या पाइप सहसा बोर्डापासून सरळ उभ्या किंवा सरळ आडव्या जातात, त्यामुळे कोणत्याही बोर्डाच्या बरोबर वर, खाली किंवा समपातळीत भोक पाडू नये. पलीकडे बाथरूम असेल तर नळाच्या पाइपांचाही विचार करावा. ड्रिल करण्यापूर्वी त्या भिंतीतून जाणाऱ्या सर्व लाइनचे एमसीबी बंद करावेत आणि मशीनसाठी वीज दुसऱ्या खोलीतून घ्यावी.

खुणा ब्रॅकेट भिंतीला धरून पेन्सिलीने कराव्यात आणि पाणसळ लावून ब्रॅकेट समपातळीत असल्याची खात्री करावी. छताच्या रेषेवरून अंदाज घेऊ नये, कारण छताची रेषाच अनेकदा सरळ नसते. पंख्याचा हीटर तिरका बसला तर आवाज वाढतो.

विटांच्या भिंतीत ८ मिलिमीटरचे भोक आणि त्याच मापाची नायलॉनची गिट्टी (स्क्रू पकडून ठेवण्यासाठी भोकात ठोकायची नळी) पुरते. येथे एक बारकावा आहे. प्लास्टरचा थर १२ ते १५ मिलिमीटरचा असतो. आखूड गिट्टी त्या थरातच संपते आणि हीटरचे सारे वजन प्लास्टरवर येते. गिट्टी विटेत पुरती जायला हवी, म्हणून भोक गिट्टीच्या लांबीपेक्षा सुमारे १ सेंटिमीटर खोल घ्यावे. ड्रिलच्या बिटवर चिकटपट्टीची खूण केली की खोली चुकत नाही. भोकातली धूळ फुंकर मारून किंवा जुन्या टूथब्रशने पूर्ण काढावी. धुळीवर बसलेली गिट्टी फिरते आणि स्क्रू कितीही आवळला तरी पकड येत नाही.

नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सिमेंट ठोकळ्यांच्या, भिंतीत साधी गिट्टी टिकत नाही. तिथे त्या ठोकळ्यांसाठी मिळणाऱ्या लांब गिट्ट्या वापराव्यात आणि ड्रिलचा हॅमर बंद ठेवावा, नाहीतर भोक रुंद होऊन ठोकळा भुसभुशीत होतो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या चिऱ्याच्या भिंतीतही हॅमरने भोकाच्या कडा ढासळतात. बीम किंवा कॉलममध्ये मात्र हॅमर लागतो. सळई लागली तर जोर न करता भोक थोडे सरकवावे. लाकडी खुंटी ठोकून स्क्रू मारण्याची जुनी पद्धत हीटरसाठी वापरू नये, कारण उष्णतेने लाकूड आटते.

तपासणी: हीटर चढवण्यापूर्वी ब्रॅकेट दोन्ही हातांनी आधी खाली आणि मग पुढे ओढून पाहावे. नंतर हीटरच्या दुप्पट वजनाची पिशवी अर्धा तास त्याला लटकावून ठेवावी. ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली तरी स्क्रू काढून काम पुन्हा करावे.

## ६. टांगणे आणि जोडणे

हीटर दोघांनी मिळून चढवावा. एकाने वजन धरावे आणि दुसऱ्याने खालची खाच ब्रॅकेटमध्ये बसल्याचे पाहावे. बहुतेक मॉडेलना खालच्या बाजूला एक लॉक-स्क्रू असतो. तो विसरला जातो आणि पुढे साफसफाई करताना हीटर वर उचलला जाऊन निसटतो.

वायर हीटरच्या मागे दाबली जाता कामा नये आणि गरम हवेच्या तोंडासमोरून जाता कामा नये. जास्तीची वायर गुंडाळून तिला गच्च पट्टी बांधण्याची सवय असते. गुंडाळलेल्या वायरमधली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून ती सैल सोडून भिंतीला क्लिपने धरावी. कंपनीने बसवलेला प्लग कापू नये. वायर अपुरी पडत असेल तर ती वाढवू नये, पॉइंट जवळ आणावा. चिकटपट्टीने जोडलेली वायर आणि भिंतीत चिणलेले असे जोड हे दोन्ही आगीचे नेहमीचे उगम आहेत.

प्लग न लावता थेट जोडायचा असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा डबल पोल स्विच बसवून घ्यावा. लवचिक वायरच्या बारीक तारा टर्मिनलमध्ये नुसत्या पिळून घालू नयेत, टोकाला लग, म्हणजे तारा एकत्र दाबून धरणारे धातूचे टोपण, लावावा. हीटरच्या वायरीत तपकिरी रंग फेजचा, निळा न्यूट्रलचा आणि हिरवा-पिवळा अर्थिंगचा असतो, तर घरातल्या वायरिंगमध्ये लाल, काळा आणि हिरवा हे रंग दिसतात. जुन्या घरात या रंगांवरही विश्वास न ठेवता टेस्टर लावूनच जोडणी करावी.

## ७. पहिला तास

पहिल्यांदा हीटर चालू करताना खिडकी उघडी ठेवावी आणि खोलीत कोणाला झोपवू नये. घटकावरचे तेल आणि धूळ जळाल्याचा हलका वास पहिली १५-२० मिनिटे येणे साहजिक आहे. धूर दिसला, तडतड ऐकू आली किंवा प्लास्टिक वितळल्याचा वास आला तर तो साहजिक नाही.

सुरुवात १००० वॉटवर करावी. १५ मिनिटांनी हीटर बंद करून, प्लग काढून, पिनांच्या बाजूचे प्लास्टिक आणि बोर्डाचा पुढचा भाग हाताच्या मागच्या बाजूने चाचपावा. कोमट असेल तर चालेल. हात ठेववत नसेल तर जोड सैल आहे. मग तेच २००० वॉटवर अर्धा तास करावे. त्यानंतर डीबीजवळ जाऊन एमसीबीही चाचपावा, कारण सैल स्क्रू तिथेही असू शकतो. भिंतीचा रंग, हीटरच्या वरची छताची कड आणि जवळचा पडदा यांनाही हात लावून पाहावा. हा तास वायरमन घरात असतानाच उरकावा.

आरसीसीबी चालू करताच पडत असेल तर ‘तो फार नाजूक आहे’ असे म्हणून वगळून घेऊ नये. हीटरच्या आत ओलावा आहे, किंवा अर्थ-न्यूट्रल कुठेतरी एकत्र आले आहेत. वायरमन मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) इन्सुलेशन तपासून नेमके कारण सांगू शकतो.

## ८. रोजचा वापर

पंख्याचा हीटर थेट बोर्डाच्या स्विचवरून बंद करू नये. आधी रिमोटने किंवा हीटरच्या बटणाने बंद करावा. पंखा काही वेळ चालून आतला घटक थंड करतो, आणि तो थांबल्यावरच बोर्डाचा स्विच बंद करावा. रोज घाईत स्विच पाडला की आतली उष्णता प्लास्टिकवर बसते आणि दोन हिवाळ्यांत जाळी वाकडी होते.

वीज गेली की हीटरचा स्विच बंद करण्याची सवय लावावी. फिरवायच्या बटणाचे हीटर वीज परत येताच आपोआप सुरू होतात, मग घरात कोणी असो वा नसो. गावाकडे दाब कमी असेल तर हीटर मंद वाटतो. साध्या तारेच्या हीटरची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते आणि १८० व्होल्टवर २००० वॉटचा हीटर जेमतेम १२०० वॉट देतो. तो बिघडलेला नसतो, म्हणून त्याला उघडण्याची गरज नाही.

हीटरवर किंवा त्याच्या झोतात कपडे वाळत घालणे ही सर्वांत सर्रास होणारी आणि सर्वांत धोक्याची सवय आहे. ओला टॉवेल तोंडावर पडला की हवा कोंडते आणि अति ताप होऊन हीटर बंद पडतो, तोही सुरक्षा यंत्रणा शाबूत असेल तर. ज्या घरात बाळाची तेल-मालिश होते तिथे तेलकट दुपटी हीटरजवळ ठेवू नयेत आणि बाळाला थेट झोतात किंवा हीटरच्या खाली निजवू नये. खोली आधी गरम करावी, मालिशीच्या वेळी हीटर कमी करावा. मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे अशा आजी-आजोबांना लाल तापणाऱ्या हीटरजवळ पाय शेकू देऊ नयेत, कारण भाजल्याचे त्यांना वेळेवर कळत नाही. डास मारण्याचे फवारे, केसांचे फवारे आणि कापूर हीटर चालू असताना त्याच्याजवळ नकोत.

रात्री झोपण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास खोली गरम करून टायमर लावावा. रात्रभर २००० वॉट चालवला तर आठ तासांत १६ युनिट होतात. थर्मोस्टॅट २० ते २२ अंशांवर ठेवल्यास त्यातला बराच भाग वाचतो आणि महावितरणच्या १००, ३००, ५०० युनिटच्या टप्प्यांमुळे हा फरक बिलात ठळक दिसतो.

‘हीटर ऑक्सिजन जाळतो’ हा समज कोळशाच्या शेगडीवरून आलेला आहे. बंद खोलीत शेगडी पेटवली तर कार्बन मोनॉक्साइडने माणसे दगावतात. इलेक्ट्रिक हीटरमध्ये ज्वलन नसल्यामुळे तो वायू तयार होत नाही. घसा कोरडा पडतो तो हवा तापल्याने तिची सापेक्ष आर्द्रता घटते म्हणून. खोलीत पाण्याचे भांडे ठेवायला हरकत नाही, परंतु ते हीटरच्या डोक्यावर किंवा वर लॉफ्टवर ठेवू नये.

### बाथरूमसाठी वेगळे नियम

खोलीचा हीटर बाथरूममध्ये लावू नये. तिथे पाण्याचे तुषार सहन करणारा, किमान आयपीएक्स४ दर्जाचा आणि बाथरूमसाठी म्हणून विकला जाणारा हीटरच लागतो. तो शॉवरच्या किंवा अंघोळीच्या जागेपासून आडवा किमान ६० सेंटिमीटर दूर आणि उंच असावा. स्विच बाथरूमच्या बाहेर ठेवावा आणि आरसीसीबीशिवाय तो चालूच करू नये. ओल्या हाताने फक्त रिमोट धरायचा आहे, ही सबबही चालत नाही. अंघोळीपूर्वी खोली गरम करून हीटर बंद करावा आणि मगच पाणी घ्यावे.

## ९. साफसफाई आणि पावसाळ्यानंतरची पहिली सुरुवात

वापर चालू असताना दर पंधरा दिवसांनी प्लग काढून, हीटर पूर्ण थंड झाल्यावर, जाळी आणि फिल्टर मऊ ब्रशने झाडावेत. ओले फडके आत जाता कामा नये. दर हिवाळ्यात एकदा प्लगच्या पिना पाहाव्यात आणि काळपट किंवा तांबूस डाग दिसला तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलावेत. फक्त एक बदलल्यास जुना दुसऱ्याला खराब करतो.

थंडी संपली की प्लग काढून हीटरला सुती कापडाचे आवरण घालावे. प्लास्टिकची पिशवी घालू नये, तिच्यात पावसाळ्याची ओल धरते. तापणाऱ्या नळ्यांच्या आतली पूड हवेतली ओल शोषून घेते आणि म्हणूनच चार महिने दमट राहिलेला हीटर नोव्हेंबरमध्ये पहिल्याच दिवशी आरसीसीबी पाडतो. अशा वेळी जबरदस्तीने चालू न करता इन्सुलेशन तपासून घ्यावे.

सुरू करण्यापूर्वी टॉर्च घेऊन जाळीच्या आत आणि सॉकेटच्या भोकांत बघावे. पालीला ही उबदार, अंधारी जागा फार आवडते. झुरळांची अंडी, कोळ्याची जाळी आणि वाळलेली पाल हे सगळे पहिल्या दहा मिनिटांत जळू लागते. हे साफ करून, आवरण काढून, खिडकी उघडून आणि आरसीसीबीचे ‘टी’ बटण एकदा दाबून पाहून, हीटर १००० वॉटवर सुरू करावा आणि सातव्या टप्प्यातली तपासणी पहिल्या दिवशी पुन्हा करावी.